स्वप्नातील महाविद्यालय आणि हातातील वर्ष

नंदनवन परिसरात जुलै-ऑगस्टचे दिवस दोन कारणांनी गजबजलेले असतात. एकीकडे चातुर्मासास आरंभ झालेला असतो, मंदिरांत आणि स्थानकांत प्रवचने सुरू असतात. दुसरीकडे महाविद्यालयीन प्रवेशाच्या याद्या लागत असतात. इतवारी, गांधीबाग, मस्कासाथ येथील पिढीजात पेढ्या सांभाळून नंदनवन, वर्धमाननगर, सूर्यनगर अशा वस्त्यांत राहावयास आलेल्या व्यापारी कुटुंबांत पर्युषणाच्या तयारीइतकीच या याद्यांचीही चर्चा चालते. कोणाला दिल्ली मिळाली, कोणाला मुंबई, कोणाचे नाव थोडक्यात हुकले, हे दुसऱ्या दिवशी बाजारभर झालेले असते.

ज्याचे नाव हुकले, तो विद्यार्थी सहसा घरी बसत नाही. तो नागपुरातीलच एखाद्या महाविद्यालयात प्रवेश घेतो आणि वर्ष सुरू होते. खरा पेच पुढे, पहिल्या वर्षाच्या परीक्षेनंतर उभा राहतो. ज्या महाविद्यालयाने नकार दिला होता, तेथे दुसऱ्या वर्षाला जागा निघण्याची शक्यता आहे असे कानावर येते. किंवा प्रवेश परीक्षा पुन्हा देऊन पहिल्या वर्षापासून आरंभ करता येईल असे एखादा मित्र सांगतो. मुलगा म्हणतो, मी जातो. आई म्हणते, इथे काय वाईट आहे? वडील दोघांकडे पाहतात आणि मनातल्या मनात हिशेब मांडू लागतात. हा हिशेब नेमका कसा मांडावा, त्यात कोणत्या रकमा धरावयाच्या आणि कोणत्या सोडावयाच्या, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

नकार कशाचा होता?

पहिला प्रश्न नकाराच्या कारणाचा. सर्व नकार एकसारखे नसतात. जागा थोड्या आणि अर्जदार फार, म्हणून एखाद-दुसऱ्या गुणाने संधी जाते. परीक्षेच्या दिवशी प्रकृती बिघडते. अर्जातील रकाना चुकतो. अल्पसंख्याक दर्जाचे प्रमाणपत्र वेळेवर जोडले जात नाही. जैन समाजास २०१४ च्या जानेवारीत राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला आणि राज्यातील अल्पसंख्याक संस्थांमध्ये समाजाच्या विद्यार्थ्यांसाठी राखीव जागाही असतात. परंतु कागदपत्रे हाती नसल्यामुळे त्या जागेचा लाभ न घेता येणे हा अपात्रतेचा निर्णय नव्हे. याउलट, विषयच झेपत नाही, गणिताचा पाया कच्चा आहे, म्हणून गुण कमी पडले असतील, तर महाविद्यालय बदलल्याने तो पाया पक्का होणार नाही. पहिल्या प्रकारात पुन्हा प्रयत्न करण्यास अर्थ आहे. दुसऱ्या प्रकारात आधी घरचा अभ्यास सुधारावा लागतो.

नकाराचे कारण तपासून पाहण्याचे मराठी मातीतील सर्वांत ठळक उदाहरण कमला सोहोनी यांचे आहे. माहेरच्या त्या भागवत. १९३३ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवली. वडील व काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ आणि बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले. त्यामुळे तीच संस्था हे कमलाबाईंचे स्वप्न होते. संस्थेचे संचालक सर सी. व्ही. रामन यांनी त्यांचा अर्ज नाकारला. कारण गुणांचे नव्हते. विद्यार्थी स्त्री आहे, एवढेच होते. कमलाबाई स्वतः बंगळूरला गेल्या आणि माझ्यात उणीव कोणती, असे त्यांनी रामन यांना विचारले. अखेर एक वर्षाच्या परीक्षाधीन अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. ते वर्ष त्यांनी अशा कामात घालवले की रामन यांचे समाधान झाले आणि पुढे त्या संस्थेचे दार इतर स्त्रियांसाठीही उघडले. १९३६ मध्ये एम.एस्सी., नंतर केंब्रिज, १९३९ मध्ये तेथील पीएच.डी., आणि पुढे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे संचालकपद, असा त्यांचा प्रवास झाला.

या कथेतून जिद्दीचा बोध सर्वजण घेतात. तिच्यातील दुसरा बोध अधिक उपयोगाचा आहे. त्यांनी नकाराचे कारण विचारले, ते कारण योग्यतेशी संबंधित नाही हे निश्चित केले आणि मगच हट्ट धरला. आजच्या विद्यार्थ्यानेही एका कागदावर स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहाव्यात : मला नकार का मिळाला, आणि ते कारण आज दूर झाले आहे काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर पुढील चर्चा तूर्त थांबवावी.

नियम काय सांगतात?

‘आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे कधीही, कुठेही बदली होते’ असे वाक्य हल्ली वारंवार ऐकू येते. त्यात सत्य आहे, परंतु अर्धे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये श्रेयांक पेढीची, म्हणजे ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ची, व्यवस्था केली. विद्यार्थी जे श्रेयांक मिळवतो, ते त्याच्या नावे जमा होतात आणि दुसऱ्या संस्थेत ते वापरता येतात. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर एका शहरात भरलेली रक्कम दुसऱ्या शहराच्या शाखेत वटवता येते.

या पेढीलाही नियम आहेत. एक, जमा श्रेयांकांची मुदत जास्तीत जास्त सात वर्षे. दोन, पदवी देणाऱ्या संस्थेतून किमान निम्मे श्रेयांक मिळवलेले असले पाहिजेत. तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० श्रेयांक धरले, तर वर्षाला ४० होतात. पहिल्या वर्षानंतर बदली केली तर ४० श्रेयांक सोबत नेऊन उरलेले ८० नव्या संस्थेत मिळतात. अट सहज पूर्ण होते. दोन वर्षांनंतर बदली केली तर नव्या संस्थेत केवळ ४० उरतात, म्हणजे एक-तृतीयांश. अट पूर्ण होत नाही. तात्पर्य, तीन वर्षांच्या पदवीत बदलीचा विचार पहिल्या वर्षाअखेरीसच करावयाचा असतो. तिसऱ्या वर्षाच्या उंबरठ्यावर तो करून उपयोग नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट तिसरी. श्रेयांक नेता येतात याचा अर्थ जागा मिळते असा नाही. खात्यात रक्कम आहे म्हणून समोरचा दुकानदार माल देण्यास बांधील नसतो. दुसऱ्या वर्षाला जागा रिक्त आहे काय, असल्यास ती कोणत्या निकषावर भरली जाईल, येथील विषय तेथील विषयांशी जुळतात काय, हे ठरवण्याचा अधिकार घेणाऱ्या संस्थेचा आणि तिच्या विद्यापीठाचा असतो. विद्यापीठ बदलत असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र व पात्रतेची प्रक्रिया आलीच. विषय न जुळल्यास मागील सत्रांचे काही विषय पुन्हा द्यावे लागू शकतात. म्हणून नियम म्हणून लक्षात ठेवावे : नव्या संस्थेकडून जागेबद्दल व श्रेयांकांबद्दल लेखी उत्तर हाती आल्याशिवाय जुन्या महाविद्यालयातून दाखला काढू नये.

काही दारे दुसऱ्या वर्षी उघडतच नाहीत. खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात एक वर्ष काढून नागपुरातील विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत दुसऱ्या वर्षास बसता येईल, अशी आशा काही घरांत बाळगली जाते. त्या संस्थेच्या पदवी अभ्यासक्रमाचा मार्ग जेईई मेन आणि केंद्रीय समुपदेशन हाच आहे. जेईई मेन बारावीच्या वर्षापासून सलग तीन वर्षे देता येते. आयआयटीसाठीची जेईई ॲडव्हान्स्ड मात्र सलग दोन वर्षांत दोनदाच. केंद्रीय विद्यापीठांच्या पदवीसाठी २०२२ पासून सीयूईटी ही सामायिक परीक्षा आहे. तिला वयोमर्यादा नाही, परंतु मधल्या वर्षाबाबत प्रत्येक विद्यापीठाची स्वतःची अट पाहावी लागते. या मार्गांनी जाणे म्हणजे बदली नव्हे, तो नव्याने आरंभ होय. दोहोंत एका वर्षाचा फरक आहे, आणि त्या वर्षाची किंमत हिशेबात धरली पाहिजे.

रोकड आणि खतावणी

समजा, नंदनवनातील एक विद्यार्थिनी नागपुरात वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला आहे. घरी राहून शुल्क, पुस्तके, जाणे-येणे मिळून वर्षाला ५० हजार रुपये खर्च होतो असे धरू. मुंबईतील पसंतीच्या महाविद्यालयात शुल्क ६० हजार, वसतिगृह व भोजन दरमहा १५ हजारांप्रमाणे दहा महिन्यांचे दीड लाख आणि प्रवास व इतर ४० हजार, असे वर्षाला अडीच लाख धरू. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक घराने स्वतःचे आकडे घालून पाहावेत.

दुसऱ्या वर्षास थेट बदली झाली, तर दोन वर्षांचे पाच लाख लागतात. नागपुरात राहिल्यास एक लाख लागले असते. जादा खर्च चार लाख. पहिल्या वर्षापासून नव्याने आरंभ केला, तर तीन वर्षांचे साडेसात लाख. जादा खर्च साडेसहा लाख. शिवाय ती एक वर्ष उशिरा कमावती होते. आरंभीचे वेतन दरमहा २५ हजार धरले तर ते तीन लाख झाले. एकूण साडेनऊ लाख. अर्थात ‘बदली’ आणि ‘नवा आरंभ’ यांत सुमारे साडेपाच लाखांचे अंतर पडते. अनेक कुटुंबे या दोन पर्यायांना एकच समजून बोलत असतात.

या हिशेबात एक रक्कम मुद्दाम धरलेली नाही : नागपुरात पहिल्या वर्षी खर्च झालेले ५० हजार. ते गेले. राहिले तरी गेले आणि निघाले तरी गेले. गोदामात पडून राहिलेला माल कोणत्या भावाने घेतला होता, याला आज किंमत नसते. आज तो काय भावाने उठेल एवढेच पाहावयाचे असते, हे कोणत्याही कापड व्यापाऱ्यास सांगावे लागत नाही. परंतु तोच व्यापारी मुलाच्या शिक्षणाबद्दल बोलताना ‘एक वर्ष इथे घातले, ते वाया घालवायचे काय?’ असे म्हणतो. घातलेले वर्ष निर्णयाचे कारण होऊ शकत नाही. पुढे घालावयाची वर्षे हेच कारण.

कर्ज काढावयाचे असेल तर आणखी एक गणित आहे. शैक्षणिक कर्जाची परतफेड सामान्यतः अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होते. परंतु व्याज मात्र पहिल्या हप्त्यापासून चढू लागते. सहा लाखांचे कर्ज दरवर्षी दोन लाख याप्रमाणे तीन वर्षांत उचलले आणि व्याज सरळ १० टक्के धरले, तर परतफेड सुरू होईपर्यंत पहिल्या हप्त्यावर ८० हजार, दुसऱ्यावर ६० हजार, तिसऱ्यावर ४० हजार, असे १ लाख ८० हजार व्याज जमा होते. फेडावयाचे कर्ज सहा लाखांचे नसून ७ लाख ८० हजारांचे असते. शक्य असल्यास शिक्षणकाळातच व्याज भरत जावे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी तारण व जामीनदाराविना कर्जाची सोय आहे. मात्र व्यवस्थापन कोट्यातील प्रवेश तिच्यात बसत नाही. संस्था बदलल्यास पूर्वी मंजूर झालेले कर्ज आपोआप नव्या संस्थेकडे वळत नाही, म्हणून बँकेशी आधी बोलावे.

दोन जागा हाती धरून ठेवणाऱ्यांसाठी शुल्क परताव्याची पायरीही माहीत असावी. अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या १५ दिवस वा अधिक आधी प्रवेश रद्द केल्यास किरकोळ कपात वगळता संपूर्ण शुल्क, १५ दिवसांच्या आत ९० टक्के, अंतिम तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, त्यापुढे ३० दिवसांपर्यंत ५० टक्के परत मिळते. त्यानंतर काही नाही. आयोगाने काही वर्षी यापेक्षा सवलतीचे आदेशही काढले आहेत, तेव्हा चालू वर्षाचा आदेश पाहावा. मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवण्याचा संस्थेस अधिकार नाही, हेही त्याच अधिसूचनेत आहे.

नाव मोठे की गुरू मोठा?

गुंतवणुकीच्या जगात वॉरन बफे हे नाव व्यापारी घरांत सर्वांना परिचित आहे. त्यांच्या शिक्षणाची वाट मात्र फारशी सांगितली जात नाही. वडिलांच्या आग्रहामुळे ते १९४७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या नामांकित व्हार्टन विद्याशाखेत दाखल झाले. दोन वर्षांनी ते सोडून ते स्वतःच्या राज्यातील नेब्रास्का विद्यापीठात परतले आणि १९५० मध्ये तेथून पदवीधर झाले. पुढील शिक्षणासाठी त्यांनी हार्वर्डला अर्ज केला. हार्वर्डने नकार दिला. मग त्यांचे लक्ष गेले ते कोलंबिया विद्यापीठाकडे, कारण ज्यांचा गुंतवणुकीवरील ग्रंथ त्यांनी आधीच वाचला होता ते बेंजामिन ग्रॅहम तेथे शिकवीत होते. १९५१ मध्ये ते कोलंबियातून बाहेर पडले, ते ग्रॅहम यांची विचारपद्धती घेऊनच.

म्हणजे या गृहस्थाने एकदा मोठे नाव सोडून घरचे विद्यापीठ धरले, आणि दुसऱ्यांदा नाव न पाहता गुरू पाहिला. बदली दोन्ही वेळा झाली. दोन्ही वेळा ती नेमक्या कारणासाठी झाली. ‘मला त्या महाविद्यालयात जायचे आहे’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्यास विचारावे : तेथील कोणता विषय, कोणते अध्यापक, कोणती सोय नागपुरात नाही? त्याने तीन गोष्टी नावानिशी सांगितल्या तर त्याचे स्वप्न अभ्यासाचे आहे. ‘तिथले वातावरणच वेगळे’ एवढेच उत्तर आले, तर अजून चौकशी व्हायची आहे असे समजावे.

महाविद्यालयाच्या नावाने पुढील मिळकत किती वाढते, याचा अभ्यास अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ स्टेसी डेल व ॲलन क्रूगर यांनी केला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा, की क्षमता व आकांक्षा सारखी असलेल्या विद्यार्थ्यांत अधिक निवडक महाविद्यालयात शिकलेल्यांची सरासरी मिळकत इतरांपेक्षा विशेष अधिक नव्हती. मोठ्या ठिकाणी अर्ज करण्याची उमेद ज्याच्यात आहे, त्याला ती उमेदच पुढे नेते. त्यांना अपवादही आढळला : अल्प उत्पन्नाच्या घरांतील विद्यार्थ्यांना निवडक महाविद्यालयाचा लाभ झाला.

अमेरिकेतील निष्कर्ष जसाच्या तसा नागपुरास लावता येत नाही. तथापि त्यातील तर्क विचार करण्याजोगा आहे. ज्या घरात तीन पिढ्यांची पेढी आहे, सनदी लेखापाल मामा आहेत, मुंबई-सुरतेत आडत आहे, त्या घरातील मुलाला ओळखी आणि व्यवहारज्ञान घरातच मिळते. महाविद्यालयाचे नाव त्यात थोडीच भर घालते. त्याच पेढीवर वीस वर्षे मुनीमकी करणाऱ्या गृहस्थाच्या मुलीला मात्र त्या नावाचा खरा उपयोग होतो, कारण तिच्यासाठी दुसरे कोणते दार नाही. समाजाच्या शिष्यवृत्त्या देताना विश्वस्त मंडळांनी हा भेद ध्यानात घेतला, तर तोच निधी अधिक फळ देईल.

घरातील न बोललेले मुद्दे

व्यापारी कुटुंबात या निर्णयावर काही मुद्द्यांची छाया असते. ते उघड बोलले जात नाहीत.

पहिला, मान. जैन परंपरेत क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय सांगितले आहेत. मुलाच्या प्रवेशात यांतील दुसऱ्याचा शिरकाव फार सहज होतो. लग्नसमारंभात ‘मुलगा कुठे आहे?’ या प्रश्नास एका शब्दात मोठे नाव सांगता यावे, ही इच्छा कित्येकदा मुलापेक्षा वडिलांची असते. याची दुसरी बाजूही आहे : ‘आमचे काय अडले, आम्ही न शिकताच दुकान वाढवले’ हाही मानच. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी महाविद्यालयीन शिक्षण पुरे केले नाही आणि तरी जहाज, विमान, मोटार असे उद्योग उभे केले, हा दाखला वडीलधारी मंडळी देतात. परंतु आज सांगलीत वालचंदांचे नाव धारण करून उभे आहे ते अभियांत्रिकी महाविद्यालय.

दुसरा, मुलगा व मुलगी यांच्या वर्षाची निरनिराळी मोजणी. मुलाचे एक वर्ष गेले तर ‘अजून वय आहे’ असे म्हटले जाते. मुलीचे गेले तर स्थळांचा विषय निघतो. वर जो साडेनऊ लाखांचा हिशेब मांडला, त्यात विद्यार्थिनी घेतली आहे. विद्यार्थी घेतला असता तर एकही आकडा बदलला नसता. ज्या घरात मुलासाठी तो खर्च होऊ शकतो आणि मुलीसाठी होत नाही, तेथे अडचण पैशाची नाही हे मान्य करावे. कमलाबाईंना १९३३ मध्ये संस्थेने अडवले होते. आज संस्था अडवत नाहीत.

तिसरा, आहार व आचार. कंदमूळ वर्ज्य असणे, चौविहार, पर्युषणातील उपवास, हे सर्व सामान्य वसतिगृहात सांभाळणे कठीण जाते आणि घरची मंडळी यावरूनच विरोध करतात. ही काळजी खरी आहे, पण उपाय नसलेली नाही. आचार्य विजयवल्लभसूरी यांच्या प्रेरणेने मुंबईत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुरू झालेले श्री महावीर जैन विद्यालय परगावच्या जैन विद्यार्थ्यांच्या निवास-भोजनाची सोय याच हेतूने करीत आले आहे. अशा संस्थांच्या जागा मर्यादित असतात. महाविद्यालयाच्या अर्जाबरोबरच वसतिगृहाचा अर्ज करावा.

चौथा, मुलाचे मन. नकार मिळालेला विद्यार्थी वर्षभर हसत-बोलत असला तरी आतून दुखावलेला असू शकतो. वर्गात मित्र न करणे, जेवण-झोप बिघडणे, ‘मी कशालाच लायक नाही’ अशी भाषा, ही चिन्हे दिसली तर महाविद्यालयाचा विषय बाजूस ठेवून आधी त्याच्याजवळ बसावे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. मन थकलेले असताना घेतलेली बदली गाव बदलते, दुखणे बदलत नाही.

दुसऱ्या बाजूची दारे

न जाण्याचा निर्णय म्हणजे स्वप्नाचा त्याग, असे समजण्याचे कारण नाही. नागपूर शिक्षणात दरिद्री नाही. हिस्लॉप महाविद्यालय १८८३ चे, विद्यापीठ १९२३ चे, वाणिज्य शिक्षणात नावाजलेले जी. एस. महाविद्यालय १९४५ चे. नंदनवनातच १९८४ पासून कर्मवीर दादासाहेब कन्नमवार अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. २०१५ मध्ये भारतीय व्यवस्थापन संस्थाही शहरात आली.

पदवीनंतर आयआयएमसाठी कॅट देताना पदवीत आवश्यक तेवढे गुण असले म्हणजे पात्रता होते. पदवीचे महाविद्यालय कोणते, ही पात्रतेची अट नाही. सनदी लेखापाल परीक्षेचेही तसेच. १ जुलै २०२३ पासून आर्टिकलशिपचा काळ तीन वर्षांवरून दोनवर आला आहे आणि वाणिज्य पदवीत ५५ टक्के गुण असल्यास फाउंडेशन परीक्षेशिवाय इंटरमीजिएटला प्रवेश मिळतो. या परीक्षेत उत्तरपत्रिका तपासणाऱ्यास परीक्षार्थी दिल्लीचा की नंदनवनचा हे ठाऊक नसते. शिवाय २०२२ पासून एक पदवी नियमित आणि दुसरी ऑनलाइन वा दूरस्थ पद्धतीने, अशा दोन पदव्या एकाच वेळी घेण्यास अनुदान आयोगाची मुभा आहे. आयआयटी मद्रासची डेटा सायन्समधील ऑनलाइन पदवी २०२० पासून सुरू आहे व तिला जेईई लागत नाही. पुढचे दार बंद असेल तर बाजूचे पाहावे, यात कमीपणा नाही.

आणि बदली करूनही मार्ग सरळच राहील, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. अहमदाबादच्या जैन उद्योगपती घराण्यातील विक्रम साराभाई गुजरात कॉलेजातून केंब्रिजला गेले, १९४० मध्ये तेथील परीक्षा उत्तीर्ण झाले आणि दुसऱ्या महायुद्धामुळे त्यांना परतावे लागले. ते थांबले नाहीत. रामन यांच्याच बंगळूर संस्थेत त्यांनी विश्वकिरणांवर संशोधन सुरू ठेवले आणि युद्ध संपल्यावर केंब्रिजला जाऊन १९४७ मध्ये पीएच.डी. पूर्ण केली. स्वप्नातील संस्था काही वर्षे दूर राहिली. काम एक दिवसही दूर राहिले नाही.

निर्णय कसा घ्यावा?

अनेकांताची शिकवण सांगते की वस्तूस अनेक बाजू असतात आणि एकाच बाजूने पाहून केलेले विधान अपुरे असते. घरातील बैठकीत हे तत्त्व असे आणता येईल : विद्यार्थ्याने राहण्याच्या बाजूने बोलावे आणि वडिलांनी जाण्याच्या बाजूने. दहा मिनिटे का होईना, दोघांना एकमेकांची बाजू मांडावी लागली की अर्धा वाद आपोआप मिटतो.

त्यानंतर पाच गोष्टी कागदावर याव्यात. नकाराचे कारण व ते दूर झाल्याचा पुरावा. नव्या संस्थेचे जागा व श्रेयांकांविषयी लेखी उत्तर. दोन्ही पर्यायांचा संपूर्ण खर्च, कर्जाच्या व्याजासह. त्या महाविद्यालयात आज दुसऱ्या वर्षाला शिकत असलेल्या किमान दोन विद्यार्थ्यांशी झालेले बोलणे. माहितीपत्रकावर विसंबू नये. आणि शेवटी एक तारीख. त्या तारखेपर्यंत निर्णय झाला नाही, तर राहावयाचे, आणि मग तो विषय घरात पुन्हा काढावयाचा नाही. अनिश्चित मनाने काढलेले वर्ष हे दोन्ही महाविद्यालयांतील सर्वांत महाग वर्ष असते.

अंतिम शब्द मात्र विद्यार्थ्याचा असावा. वडिलांनी हिशेब दाखवावा, मर्यादा स्पष्ट सांगावी. चार लाख देता येतील, साडेनऊ देता येणार नाहीत, असे म्हणण्यात संकोच नसावा. त्या मर्यादेच्या आत निवड ज्याला शिकावयाचे आहे त्याची. दुसऱ्याच्या निवडीवर शिकणारा मुलगा पहिल्या अपयशाला कारण शोधून ठेवतो; स्वतःच्या निवडीवर शिकणारा उपाय शोधतो.

दरम्यान, जावयाचे की राहावयाचे हे ठरेपर्यंत, हातातील वर्षाचा अभ्यास ढिला पडू देऊ नये. जाणाऱ्यास बदलीसाठी याच वर्षाची गुणपत्रिका दाखवावी लागते आणि राहणाऱ्यास याच गुणांवर पुढची तीन-चार दारे उघडावयाची असतात. एटीकेटी लागलेली गुणपत्रिका दोन्ही वाटा अडवते.